खिशातला दुसरा चेंडू

माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे शोधण्याच्या भानगडीत बँक कधी पडत नाही. तिला तेवढा वेळ नसतो. तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे एकेक. व्हाउचर एकाने करायचं, पास दुसऱ्याने. दोघेही देवमाणसं असली तरी चालतात आणि दोघेही चोर असले तरी चालतात. त्यांचं आपसात पटत नसलं म्हणजे झालं. अशा व्यवस्थेत वीस वर्षं काढून मी प्रामाणिक म्हणून ओळखला जातो. आता हा प्रामाणिकपणा माझा, की त्या दोन किल्ल्यांचा? हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पाडला गोल्फने.

मी गोल्फ खेळत नाही. कारकुनाच्या पगारात कॅरम बसतो. पण आमचे एक खातेदार, कापडाचे व्यापारी, साठी उलटल्यावर त्या नादाला लागले आणि स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजला जाऊन खेळायचं, असा त्यांनी बेत केला. परकीय चलनाचा फॉर्म मागायला आले आणि फॉर्म बाजूला सारून त्यांनी माझ्या काउंटरवर बेतच पसरला.

तिथल्या ओल्ड कोर्सवर 2024 साली ऐन हंगामात एका फेरीला 320 पौंड पडत. म्हणजे सुमारे चौतीस हजार रुपये, चेंडू आपलाच. एवढे मोजायची तयारी असली तरी आधी नाव नोंदवायचं आणि दोन दिवस आधी सोडत निघते तिची वाट पाहायची. रविवारी बहुधा खेळ बंद. गावकरी तिथे कुत्री फिरवतात. कारण माळ गावाचा. 1552 साली तिथल्या आर्चबिशपला त्या माळावर ससे पाळायची मुभा मिळाली, तीसुद्धा गावाचा गोल्फ खेळायचा हक्क मान्य करून.

"म्हणजे आपलं गायरानच की हो!" मी म्हणालो.

"गायरानच. पण हँडिकॅपचा दाखला लागतो," शेठ म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. खातेदाराचा आवाज असा खाली आला, की सही जुळत नाही असं समजावं.

हँडिकॅप म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा तुम्हाला साधारण किती जास्त लागतात तो आकडा. जितका कमी तितका मान मोठा. शेठजींचा अठरा होता.

"पण खरे अठरा नाहीत," ते म्हणाले. "गवतात पडलेला चेंडू बुटाच्या टोकाने जरा मोकळ्यावर घ्यायचा. सापडलाच नाही, तर खिशातला दुसरा हळूच टाकायचा आणि ओरडायचं, 'सापडला!' सगळेच करतात हो."

"आणि अंपायर?"

"आमच्या खेळात कुठला अंपायर? सोबतचा खेळाडू फटके लिहितो, शेवटी कार्डावर दोघांच्या सह्या."

सह्या दोन, हे ऐकून मला हायसं वाटलं. पण सोबती शंभर पावलं पलीकडे स्वतःचा चेंडू शोधतोय आणि आपण झाडीत! म्हणजे पास करणारे साहेब चहाला गेलेले आणि किल्ल्या दोन्ही आपल्याच खिशात.

या खेळात बॉबी जोन्स नावाचा एक मोठा खेळाडू होऊन गेला. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये, लांब गवतात फटका मारायच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतः सांगून एका फटक्याचा दंड घेतला. शेवटी विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत जोन्स एका फटक्याने हरला. दंड नसता तर आधीच जिंकला असता. लोकांनी वाहवा केली, तेव्हा बँक लुटली नाही म्हणून कोणाची पाठ थोपटता का, अशा अर्थाचं तो बोलला म्हणतात. मला हे पटलं. वीस वर्षांत मी बँक लुटली नाही, पण अजून कोणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही. नुसता नारळ दिला असता, तर त्याचा अर्थ वेगळाच झाला असता.

कनकदासांची एक गोष्ट सांगतात. गुरूंनी शिष्यांना केळी दिली : कोणी बघत नसेल तिथे जाऊन खा. बाकीचे दाराआड खाऊन आले. कनकदास केळं तसंच घेऊन परतले. देव बघत नाही अशी जागाच मिळाली नाही. गोष्ट उत्तम. पण माझ्या कॉमर्सच्या डोक्यात शंका येते : म्हणजे तपासनीस आहेच, फक्त हेड ऑफिसचा. मग देव न मानणाऱ्याने काय करावं? केळं खाऊन टाकावं?

याचं उत्तर मला पासबुकात सापडलं.

"शेठ," मी म्हणालो, "समजा तुमच्या पासबुकात तुम्हीच पेनने एक शून्य वाढवलंत. बँकेचं काही जात नाही. व्याह्यांना दाखवाल, मान वाढेल. पण चेक लिहाल तेव्हा? आणि चेक न लिहिताही, तो आकडा खोटा हे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि पासबुक कायम त्याच्याच कपाटात!"

शेठ फॉर्म न भरताच गेले. दोन महिन्यांनी आले. सगळे फटके मोजून खेळले होते. आकडा आता सव्वीस होता. चेहरा कर्ज मंजूर न झालेल्या माणसासारखा होता, पण या वेळी आवाज खाली आला नाही. फॉर्म त्यांनी उभ्या उभ्याच भरला.

मी मात्र तेव्हापासून किल्ल्यांच्या पलीकडच्या जागा शोधू लागलो. बँकेतही त्या असतात. परवा एका पेन्शनर आजींनी भरायला आणलेल्या गड्डीत पाचशेची एक नोट जास्त निघाली. आजींना ठाऊक नव्हतं. कॅमेरा होता, पण त्याला मोजता येत नाही. "आजी, एक जास्त आहे," म्हणून कॅशियरने नोट परत केली. आजींनी आभार मानले नाहीत. हा माणूस गडबडलेला दिसतोय, असं समजून त्यांनी गड्डी मागून घेतली आणि पहिल्यापासून पुन्हा मोजली. रांग कुरकुरत होती. कॅशियर शांतपणे चष्मा पुसत बसला.