पाचवे कारण

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील रेल्वेच्या एखाद्या मालयार्डात, रात्रपाळीला, कंदील हातात घेऊन दोन डब्यांच्या मध्ये शिरणारा जो खलाशी असे, त्याचे काम सांगावयास सोपे आणि करावयास भयंकर होते. डब्याच्या टोकाशी दोहों बाजूंस धक्के झेलणारे बफर, मध्ये आकडा, आणि त्या आकड्यात अडकवून मळसूत्राने आवळावयाची वजनदार लोखंडी कडी. एंजिन मागून डबे ढकलीत आणी, आणि बफर भिडण्याच्या सुमारास या माणसाने रुळांच्या मध्ये वाकून ती कडी पलीकडच्या आकड्यावर चढवावयाची. पाय खडीवरून घसरला, कंदिलाची खूण ड्रायव्हरला दिसली नाही, किंवा डबे हातभर अधिक सरकले, की हात जाई, पाय जाई, पुष्कळदा प्राणच जाई. मग घरची माणसे म्हणत, कपाळी लिहिलेले कोणाला चुकले आहे? आणि तपासाच्या कागदावर मयताचाच हलगर्जीपणा नोंदला जाई.

ही दोन उत्तरे परस्परविरुद्ध भासतात. पण दोहोंचे फळ एकच, ते हे की तिसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही. या ठिकाणी मला गीतेच्या अठराव्या अध्यायातील विवेचनाची आठवण होते. कोणत्याही कर्माच्या सिद्धीस तेथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, परंतु ते शेवटी ठेवले आहे. उरलेल्या चार कारणांचा झाडा घेतल्यावाचून पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार कोणास पोचत नाही, असाच मी त्या क्रमाचा अर्थ समजतो. शोकाकुल कुटुंब एकदम पाचव्यापाशी जाऊन थांबते, आणि त्याबद्दल त्यास दोष देववत नाही. तपास करणारा अंमलदार कर्त्यापाशी थांबतो. अधिष्ठान म्हणजे तो अपुऱ्या उजेडाचा यार्ड, आणि करण म्हणजे तो आकडा, यांची जबानी कोणीच घेत नाही.

आणि करण बदलता येत होते. अमेरिकेत १८९३ साली कायदा होऊन डबे आपोआप जोडणारी कपलिंगे सक्तीची झाली, आणि माणसाने डब्यांच्या मध्ये शिरण्याचे कारणच पुष्कळसे नाहीसे झाले. एका देशात लोखंडाचा आकार बदलताच जे दैव मागे हटते, ते दुसऱ्या देशात तेवढे अटळ कसे मानावे? टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, तो उगीच नव्हे.

प्रारब्धवाद ही केवळ आपलीच मिरास आहे असेही नाही. विलायतेतील न्यायाधीशांनी १८३७ सालच्या एका खटल्यापासून असा सिद्धान्त रूढ केला होता की नोकराने पगार स्वीकारला तेव्हाच कामातील धोकाही स्वीकारला, आणि सोबतच्या नोकराच्या चुकीने इजा झाली तर धन्यास जाब विचारता येत नाही. जन्माबरोबर प्रारब्ध यावे तसा नोकरीबरोबर अपघात येतो, असेच ते म्हणणे झाले.

हिंदुस्थानात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा मंजूर झाला आणि पुढील वर्षाच्या जुलैपासून रेल्वेच्या नोकरांसही लागू झाला, तेव्हा या विचारसरणीस मोठा छेद गेला. कामामुळे व काम चालू असता इजा झाली, एवढे सिद्ध झाले की धन्याची कसूर दाखविण्याची गरज नाही. नशा, किंवा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणे, असे अपवाद ठेविले होते, आणि त्यांच्या आश्रयाने पुष्कळ पळवाटाही निघाल्या असतील; तरी तत्त्व नवे होते. धर्मदृष्ट्या ते मला मुळीच परके वाटत नाही. आपल्या परंपरेत पाप आणि ऋण या दोन वस्तू वेगळ्या आहेत: पापास अपराध लागतो, ऋणास लागत नाही. मनुष्य काहीही न करता ऋणी जन्मतो. आणि शतपथ ब्राह्मणाने तर देव, ऋषी व पितर यांच्याबरोबर मनुष्यांचेही ऋण गणले आहे. ज्याच्या हातांनी माझा माल मुंबईस पोचला त्याचा हात तुटला, तर मी पापी नसेन, पण ऋणी खचित आहे.

त्या ऋणाचे मापही कायद्याने ठरविले. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचे वेतन अथवा अडीच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे दरमहा पंधरा रुपये मिळविणाऱ्याचे वारस साडेचारशेचे धनी. उजवा हात कोपरापासून गेला तर कमावण्याच्या शक्तीची हानी शेकडा सत्तर, डावा गेला तर साठ. अंगठ्यास पंचवीस, तर्जनीस दहा, बाकीच्या कोणत्याही बोटास पाच. हे कोष्टक प्रथम वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि तरीही त्याच्यापूर्वी त्या बोटांस काहीच मोल नव्हते हे आठवून मी त्यास निर्दय म्हणू शकलो नाही. मृत्यूची रक्कम वारसांच्या हाती थेट न देता कमिशनरकडे भरावी लागे. तेथे पैसे घेण्यास आलेली बाई पदर पसरून उभी राहिली, तर तिला कोणी सांगावे की ही भिक्षा नव्हे, तुझे येणे आहे? आणि ती तेथे उभी असतानाच यार्डात तिच्या नवऱ्याच्या जागी लागलेला नवा माणूस, तोच कंदील घेऊन, त्याच आकड्यापाशी वाकलेला असे.