जे दिसत नाही ते गेले काय?

आमच्या कित्येक ग्रामीण मंडळ्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या याद्या कागदी नोंदवहीखेरीज संगणकातही उतरून ठेवण्याचा प्रघात पडला आहे. प्रघात चांगला आहे, व ज्या उपदेशकांनी रात्री जागून हे काम केले त्यांचे मंडळीवर ऋण आहे. परंतु संगणकासही म्हातारपण येते. तो बंद पडतो, किंवा कोणी हितचिंतक नवा आणून देतो. मग जुन्या यंत्रातील हार्ड डिस्क, म्हणजे ज्या पेटीत सर्व लिखाण साठलेले असते ती, काढून नव्यास जोडितात, आणि पाहतात तो यादीचा पत्ता नाही. अशा वेळी पंचांच्या बैठकीत दोन उद्गार हटकून निघतात. एक, "सगळे गेले." दुसरा, "कोणी घालविले?" वरवर पाहता हे दुःखाचे उद्गार होत, परंतु खरे पाहू गेल्यास ते दोन निवाडे आहेत, आणि दोन्ही साक्षीपुरावा घेण्यापूर्वीच दिलेले असतात. शोध करण्याच्या आधी एखादी वस्तू गेली असे ठरविण्याचा मनुष्यास अधिकार आहे काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या मुलीचे लग्न ठरले तिला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो. जिचा पती निवर्तला तिला पुष्कळ वर्षांपूर्वीच्या विवाहाची नक्कल हवी असते. विवाहाची नोंद ठेवणे तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानेच आवश्यक केले आहे. आणि कायद्याहूनही मोठी गोष्ट अशी की, आमच्यापैकी कित्येकांच्या पणजोबांचे नाव गावात कोणी कधी मानाने घेतले नव्हते. ते नाव पहिल्याने मानाने लिहिले गेले ते मंडळीच्या वहीत. अशी वही गेली असे म्हणणे म्हणजे एका पिढीला पुन्हा निनावी करणे होय. म्हणून ते म्हणण्यापूर्वी थांबावे.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या वस्तूंचे दोन दाखले लागोपाठ येतात. मेंढरू रानात गेले होते. नाणे मात्र घरातच होते. नाण्याच्या ठिकाणी काही उणे झाले नव्हते, उणा होता तो प्रकाश. त्या स्त्रीने शेजारणीवर आळ घेतला नाही, घरास कुलूप लावून ती रडत बसली नाही. तिने दिवा लावला आणि केरसुणी घेतली. शेजारणींस तिने बोलाविले खरे, पण ते नाणे सापडल्यावर, आनंद करावयास. आम्हांस असे वाटते की, संगणक बदलल्यावर ज्या फाइली दिसत नाहीत त्यांतील बहुतेक या नाण्यासारख्या असतात.

हे कसे, ते थोडक्यात सांगतो. विंडोज ही प्रणाली प्रत्येक डिस्कला, व डिस्कच्या प्रत्येक भागाला, सी, डी, ई असे एक अक्षर देते. नव्या यंत्राने असे अक्षर दिलेच नाही, तर डिस्क जोडलेली असूनही नेहमीच्या जागी ती दिसत नाही. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहिल्यास ती तेथे निमूटपणे बसलेली आढळते. अक्षर दिले की दार उघडते. दुसरे, पुष्कळ लोक नव्या यंत्रातील 'डॉक्युमेंट्स' उघडून ते रिकामे पाहतात व घाबरतात. जुने कपाट जुन्या डिस्कवर 'युजर्स' नावाच्या फोल्डरात, जुन्या खात्याच्या नावाखाली आहे. नव्या घरातील कपाटात ते कसे सापडावे? तेथे गेल्यावरही कधी कधी परवानगी नाही असे उत्तर मिळते. याचे कारण मनोरंजक आहे. यंत्र मनुष्यास नावाने ओळखीत नाही, एका लांबलचक अंकाने ओळखते. जुन्या व नव्या दोन्ही संगणकांवर खात्याचे नाव 'पाळक' असेच असले, तरी यंत्राच्या लेखी ते दोन निराळे पाळक आहेत. अशा वेळी व्यवस्थापकाच्या खात्यातून त्या फोल्डरचा ताबा रीतसर घेता येतो. तिसरे, पेनड्राइव्हवरून आलेला एखादा विषाणू फाइलींस लपवून ठेवितो व त्यांच्या जागी खोट्या खुणा मांडितो. लपलेल्या वस्तू दाखवाव्यात अशी सूचना दिल्यास खऱ्या फाइली बाहेर येतात, मात्र त्या खोट्या खुणांवर बोट ठेवू नये. कधी कधी तर यादी डिस्कवर नसतेच. वनड्राइव्हसारख्या दूरच्या कोठारात तिची मूळ प्रत असते, व त्याच खात्याने तेथे प्रवेश केल्यास ती जशीच्या तशी हाती येते.

आमच्या भाषेच्या संबंधाने एक प्रकार घडतो, त्याचा विचार थोडा अधिक करणे जरूर आहे. पूर्वी मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या निरनिराळ्या अक्षरसंचांत टंकित होत असे. असा संच नव्या यंत्रात नसला की फाइल उघडते खरी, पण नावांच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा खच दिसतो. पाहणारा म्हणतो, "फाइल सडली," आणि पुसून टाकितो. वस्तुतः तीतील एक काना-मात्राही बिघडलेला नसतो. तोच अक्षरसंच यंत्रात बसविला की यादी पुन्हा वाचता येते. नंतर ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली तेव्हापासूनच तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा अंक आहे, व तो सर्व यंत्रांत एकच असतो. परंतु येथे आमचे लक्ष वाचणाऱ्याकडे आहे. त्यास वाचता आले नाही, आणि दोष त्याने लिखाणास दिला. निरक्षर मनुष्य पत्र हाती घेऊन ते कोरे आहे असे कधी म्हणत नाही. तो वाचणारा शोधितो. आम्ही शिकलेले लोक मात्र एवढा विनय पुष्कळदा दाखवीत नाही.

उतावळ्या निवाड्याने नुसते मन दुखते असे नाही, वस्तूही खरोखरच जाते. डिस्कचे पहिले पान बिघडले असले, किंवा ती लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीत लिहिलेली असली, तर विंडोज स्वतःच पुसते की ही डिस्क फॉरमॅट करावी काय? यंत्र विचारते म्हणून ते शहाणे असेल असे समजून मनुष्य होय म्हणतो. येथे 'नाही' म्हणावे. फिरत्या चकतीच्या डिस्कवर फाइल पुसली म्हणजे साधारणपणे अनुक्रमणिकेतील तिची ओळ तेवढी खोडली जाते. पाने जागच्या जागी असतात, पण त्यांवर दुसरे काही लिहिले की मग ती कायमची जातात. यास्तव पहिले कर्तव्य हे की तीवर काहीही नवे लिहू नये, आणि जाणत्याकडून सबंध डिस्कची नक्कल करवून शोध त्या नकलेत करावा. चकती नसलेल्या नव्या जातीच्या डिस्कवर पुसलेली पाने यंत्र लवकरच आपणहून साफ करिते. तेथे आशा फार थोडी. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागल्यास वीज तत्काळ बंद करावी. तिला पुनःपुन्हा चालवून पाहणे म्हणजे मोडक्या पायाच्या बैलास औताला जुंपणे होय.

आता दुसऱ्या निवाड्याविषयी. समजा, याद्या टंकिणाऱ्या उपदेशकाची बदली झाली आहे, आणि यादी दिसत नाही. पाणवठ्यावर गोष्ट निघते की त्याने जाताना रागाने सर्व पुसले. वर सांगितलेल्यांपैकी एकही कारण कोणी तपासलेले नसते. परंतु गरीब माणसाचे नाव तपासास फार सोपे पडते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा न्यायसभेपुरतीच आहे असे आम्ही मानीत नाही. तथापि दुसरी बाजूही आहे. कित्येक नव्या यंत्रांत डिस्क गुप्त लिपीत बंद केलेली असते. ती काढून दुसरीकडे जोडिली म्हणजे अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागते, आणि ती किल्ली कोठेच नसली तर कोणत्याही तज्ज्ञास कुलूप उघडता येत नाही. अशी किल्ली किंवा पासवर्ड ज्याने एकट्याच्या खात्यात अथवा डोक्यात ठेविला, त्याने चोरी केली नाही हे खरे. पण मंडळीची वस्तू नकळत आपली करून घेतली, आणि कारभारी व धनी यांतील भेद तो विसरला. आमच्या मते मोठा वाटा मात्र त्या पंचांचा, ज्यांनी यादी कोठे आहे हे वर्षानुवर्षे एकदाही विचारले नाही.

काही वेळा वस्तू खरोखरच जाते. ११ मार्च १८१२ रोजी बंगालमधील सेरामपूरच्या मिशन छापखान्यास आग लागली. याच छापखान्यात विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली व मराठी नवा करार १८११ साली छापला गेला होता. आगीत त्यांच्या बहुभाषी शब्दकोशाचे हस्तलिखित जळाले, ते कायमचेच. पण सर्व गेले असे म्हणून ते लोक बसले नाहीत. त्यांनी राख उपसली. तीत खिळे ओतण्याचे पोलादी ठसे व साचे शाबूत निघाले, छापयंत्रे तर वाचलीच होती. वितळलेल्या धातूपासून पुन्हा खिळे ओतले गेले. काय जळाले व काय राहिले, हे राख उपसल्यावरच कळले.

मंडळीची यादी अशी खरोखरच नाहीशी झाली असेल, तर यिर्मयाची गुंडाळी राजाने जाळल्यावर बारूखाने केले तेच करावे: दुसरी घ्यावी व पुन्हा लिहावे. घरोघरच्या पवित्र शास्त्रांच्या पहिल्या पानांवर जन्मतिथी लिहिलेल्या आढळतील, थडग्यांवरील दगड आहेत, शाळेचे दाखले आहेत. आणि प्रत्येक मंडळीत एखादी तरी आजीबाई अशी असते की कोणत्या पावसाळ्यात कोणत्या नातवाचा बाप्तिस्मा झाला, पाळकसाहेब कोण होते, व नदीला पूर असल्यामुळे ते किती उशिरा आले, हे सर्व तिला ठाऊक असते. कोरी वही घेऊन पंचांनी प्रथम तिच्याकडे जावे, व ती सांगेल ते लिहून घेऊन त्याखाली सह्या कराव्या. वही पुरी झाल्यावर तिची एक नक्कल दुसऱ्या घरी ठेवावी, आणि संगणकात उतराल त्याचा पासवर्ड लखोट्यात बंद करून मंडळीच्या पेटीत ठेवावा. त्या पेटीच्या किल्ल्या दोघांकडे असाव्या.