शिक्का फुकट, दाखला महाग

नावं ठेवायला आपल्याकडे कागद लागत नाही. 'अंगठाछाप', 'दारुडे', 'उचल घेऊन पळणारे' असले शिक्के शहापूर-मुरबाडच्या बाजारात कुणीही कुणावरही मारतो, आणि ते मुलानातवंडांपर्यंत टिकतात. हक्काचं लेबल हवं असेल तर मात्र कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हा फरक इथल्या कातकऱ्यांइतका क्वचितच कुणी सोसला असेल.

खैरापासून कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. जंगलावर सरकारी पहारा बसला, धंदा गेला. कामासाठी भटकणारी ही माणसं इंग्रजांच्या नजरेत संशयित ठरली आणि गुन्हेगार जमाती कायद्यात गोवली गेली. 1871 साली आलेल्या या कायद्याची खुबी अशी, की चोरी शाबीत करायची गरजच नव्हती. अमक्या जमातीत जन्मलात एवढं पुरे. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. ती बातमी अजून सगळ्यांना कळलेली दिसत नाही. गावात पंपाची मोटार चोरीला गेली तरी लोक आधी कातकऱ्यांच्या वाडीकडेच बघतात.

पुढे सरकारने दुसरं नाव दिलं: आदिम जमात. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. नोव्हेंबर 2023 मध्ये अशा जमातींसाठी पीएम-जनमन योजना आली. घर, रस्ता, पाणी, वीज. योजनेला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण लाभाच्या वाटेवर जातीचा दाखला उभा असतो आणि दाखल्यासाठी सहसा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, कारण अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशीचा. आजा शाळेत गेला नाही, म्हणून दाखलखारीज नाही. जमीन नावावर नाही, म्हणून सातबारा नाही. कित्येक वाड्यांत तर घराखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या नावावर. कागद आणायचा कुठून?

दिवाळी झाली की बिऱ्हाडं टेंपोत भरून वीटभट्टीवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको पहाटेपासून गारा तुडवतात, साच्यात भरतात, वीट पाडतात. ओली वीट हातात घेऊन पाहा: मधल्या खळग्यात भट्टीवाल्या शेठच्या नावाची अक्षरं उमटलेली असतात. पावसाळ्यापर्यंत पाडलेल्या हजारो विटांवर मालकाचं नाव असतं, आणि त्या दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर पोराच्या नावापुढे गैरहजेरी. उद्या हाच पट त्या पोराचा पुरावा म्हणून मागितला जाणार.

कागद असला तरी सुटका होतेच असं नाही. इथल्या ठाकरांचंच बघा. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर अशी सगळी रूपं आहेत; पण ठाकूर आडनाव बिगर-आदिवासींतही असतं, म्हणून पडताळणी समिती खोलात शिरते. देव कोणता, लग्नविधी कसा, नाच कोणता, असे प्रश्न विचारून 'आप्तभाव' तपासायचा. म्हणजे शिकून शहरात नोकरीला लागलेल्या पोराने साहेबांच्या मनातला आदिवासी वठवून दाखवायचा! मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही. खोटे दाखले काढून खऱ्यांच्या जागा लाटणारेही आहेत, हे मान्य; त्यासाठी तपासणी हवीच. पण लबाडांचा जाच खऱ्यांनी किती काढायचा?

शहापुरातल्या कातकरी तरुणांनी मधल्या काळात वेगळी वाट काढली. वन धन केंद्राच्या आधाराने जंगलातली गुळवेल गोळा करून विकली. 2021 साली औषध कंपन्यांकडून त्यांना सुमारे दीड कोटीची मागणी आली. स्वतःचं गुळवेल चूर्णही त्यांनी विकायला काढलं. पाकिटावर आपलं नाव आपणच छापायचं, त्यासाठी कुणाच्या आज्याचा दाखला लागत नाही. अर्थात सगळ्या वाड्यांना हे जमणारं नाही.

बाकीच्यांसाठी एक सुचवावंसं वाटतं. गुन्हेगार जमाती कायद्यात माणसांची नोंदवही ठेवायची तरतूद होती, नाव आणि जमातीसकट. 1950 पूर्वीचा याहून सरकारी कागद कोणता असणार? हे दप्तर कुठल्या पोलीस ठाण्यात वा अभिलेखागारात उरलं असेल, तर ते सरकारने स्वतः हुडकावं आणि दाखल्याला जोडावं. कातकऱ्याला पुन्हा झेरॉक्स काढायला पाठवू नये.