पूर्वज निवडता येतात काय?

माणसाला स्वतःविषयी बढाई मारण्यापेक्षा आपल्या गावाविषयी बढाई मारणे सोपे जाते. स्वतःची स्तुती करताना थोडा तरी संकोच वाटतो. गावाची करताना मात्र आपण एखादे कर्तव्यच बजावीत आहो असे समाधान लाभते. अंबाजोगाईच्या जुन्या इतिहासाची टिपणे काढू लागल्यापासून हे माझ्या फार ध्यानात आले आहे.

मी राहतो वडवणीला. आमच्या बाजूच्या मुलाने पुढे शिकायचे म्हणजे बीड गाठायचे, नाही तर अंबाजोगाई. ज्या गावाने आपल्याकडच्या पोरांना चार अक्षरे शिकवली, त्याची पूर्वकथा नीट लिहावी, एवढाच माझा हेतू होता. पण टिपणे वाढली तसा एक प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर कोणत्याच दप्तरात मिळेना. गावाला आपले पूर्वज निवडता येतात काय?

मुकुंदराजांचेच घ्या. विवेकसिंधूत शके 1110, म्हणजे इसवी सन 1188, असा काळ येतो. तो मानला तर ग्रंथ ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधीचा ठरतो आणि मुकुंदराज मराठीचे आद्यकवी ठरतात. त्यांची समाधी अंबाजोगाईजवळ बालाघाटच्या दरीत आहे. परंतु काही अभ्यासकांना हा काळ मान्य नाही, आणि तिकडे वैनगंगेकाठचे आंभोरेही मुकुंदराजांवर आपला हक्क सांगते. हे सगळे मी एका वयोवृद्ध गुरुजींना सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “अहो, तुम्ही आपल्याच जिल्ह्यातले ना? मग तिकडची वकिली तुम्ही कशाला करता?”

गुरुजींचे म्हणणे हसून सोडून देण्यासारखे नाही. त्यामागे प्रेम आहे. आईचे वय कोणी कागदोपत्री तपासून पाहत नाही, तसे गावाचेही पाहू नये, असे त्यांना वाटते. समाधीपुढे हात जोडायला शकाचा पुरावा लागत नाही, हे मलाही मान्य आहे. श्रद्धेने पुरावा मागू नये. पण मग पुराव्याच्या जागी श्रद्धेनेही येऊन बसू नये. नमस्काराचा हात आणि लिहिण्याचा हात एकाच माणसाचे असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. निजामाच्या राजवटीत या गावाचे नाव मोमिनाबाद होते, आणि येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. त्याविषयी मी विचारले, तेव्हा गुरुजी म्हणाले, “ते राहू द्या. त्यात काय सांगण्यासारखे आहे?” म्हणजे ज्याविषयी वाद आहे ते ठळक लिहायचे, आणि ज्याविषयी वाद नाही ते गाळायचे! पण त्याच मोमिनाबादेत योगेश्वरीची शाळा चालली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे मुलांना शिकवले. पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे ते नेते झाले. आज त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय गावात आहे. मोमिनाबाद पुसले तर ही माणसे कशाशी झुंजली, ते तरी पोरांना कसे समजावे?

प्रेमापोटी भर घालणे आणि लाजेपोटी गाळणे ही दिसायला दोन पापे आहेत; पण त्यांची जात एक. दोन्ही ठिकाणी आपण मेलेल्या माणसांना आपल्या सोयीसाठी राबवतो. त्यांना उलट उत्तर देता येत नाही, म्हणूनच त्यांच्याशी वागताना आपली नीती खरी कसाला लागते.

आणि एवढे करून हाती असलेले सोने आपण पाहतही नाही. यादवांचा सेनापती खोलेश्वर या गावी नांदला. त्याच्या नावाचे महाविद्यालय येथे आहे. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ येथे देऊळ बांधवले, आणि शके 1162 च्या, म्हणजे 1240 च्या, शिलालेखात ते कोरून ठेवले. भाऊबीजेला ओवाळायला भाऊ उरला नाही, म्हणून बहिणीने दगडाला बोलते केले, असे मला तो लेख आठवला की वाटते. या लक्ष्मीविषयी गावात कोणी वाद घालीत नाही. कारण कोणी फारसे बोलतच नाही.

मग माझे मन वडवणीकडे वळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोन माणसे, चार हात, आणि नोंद एका हत्याराची! त्यातलीच एखादी जोडी कोयता चालवून मुलाला अंबाजोगाईला शिकायला ठेवते. त्याची फी, त्याच्या खोलीचे भाडे, त्याची पुस्तके हे सारे त्या उसातून येते. आठशे वर्षांपूर्वीच्या लक्ष्मीचे नाव आपल्याला सापडते. यंदा फडात गेलेल्या लक्ष्मीचे नाव उद्याच्या शोधकाला कोठे सापडावे? कॉलेजचे गाव उभे राहते ते देणगीदारांच्या पाटीवर जेवढे, तेवढेच या बिननावाच्या कोयत्यांवरही.

तेव्हा माझ्यापुरते उत्तर मी ठरवले आहे. पूर्वज निवडता येत नाहीत. ते मिळतील तसे पत्करावे लागतात. मुकुंदराजांच्या पानावर मी वादासकट सगळे लिहीन, मोमिनाबादचे पान फाडणार नाही, आणि लक्ष्मीला तिचे पान देईन. शेवटी काही पाने कोरी ठेवीन. ती भरायला मात्र दप्तरखान्यात जाऊन चालणार नाही. पट्टा पडला, ऊसतोड संपली आणि माणसे घरी परतली, की त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे लागेल.

गुरुजींना हे रुचेल की नाही कोण जाणे. यंदा दिवाळीच्या फराळाला त्यांना बोलावले आहे.