पहिल्याच फुलावरून

वेदीच्या सजावटीत ग्लॅडिओलसचे उंच दांडे आपण नेहमी पाहतो. हे फूल आयरिसच्या कुळातले. आपल्या खंडाळ्याहून फार लांब नसलेल्या पुण्याच्या गणेशखिंडीत, राहुरी कृषी विद्यापीठाच्या केंद्रात, त्याचे 'फुले गणेश', 'फुले नीलरेखा' हे वाण तयार झाले.

नव्या वाणासाठी दोन जातींचा संकर करून बी धरतात. एकाच बोंडातल्या बियांची रोपेही सारखी निघत नाहीत. पेरल्यापासून पहिले फूल दिसायला बहुधा दोन-तीन हंगाम जातात. मग प्रश्न येतो: रोप ठेवायचे की उपटायचे?

पहिल्या फुलावरून रंग कळतो, पाकळीची ठेवण कळते. पण कंद अजून लहान असतो, म्हणून दांडा आखूड आणि फुले मोजकी येतात. फूल पाण्यात किती दिवस टिकेल, रोप मर रोगापुढे तग धरेल का, हे पुढेच कळते. म्हणून जाणकार आशा वाटणारे कंद जपून पुन्हा लावतो. गणेशखिंडीतच डॉ. चीमा यांनी १९३६ साली निवडलेल्या डाळिंबाला 'गणेश' हे नाव मिळाले ते १९७० साली!

आपण मात्र दहावीच्या एका निकालावरून, नव्या सुनेच्या पहिल्या स्वयंपाकावरून, वाचनाला प्रथमच उभ्या राहून अडखळलेल्या मुलावरून कायमचे मत बनवतो.

मग निवड करूच नये का? तसे नाही. वाफा मोजकाच असतो. सगळीच रोपे ठेवली तर चांगल्या रोपाला जागा उरत नाही. गायनवृंदातही एकट्याने कोणी गावे हे ठरवावेच लागते. पण रोप आपण आपल्या हेतूसाठी लावतो. माणूस आपल्या हेतूसाठी जन्मलेला नसतो. "आज हे काम तुला जमणार नाही," असे म्हणता येईल. "तू काही कामाचा नाहीस," असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ आले नव्हते. माळ्याने आणखी एक वर्ष मागितले. पण नुसती मुदत मागितली नाही. भोवती खणून खत घालण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे.

आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात आपण कोणाला एकदाच पाहून बाजूला टाकले आहे? या आठवड्यात त्याला पुन्हा एक काम देऊ या, आणि ते पार पडेपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहू या.