कारखाना आणि भोवतालची माणसे

एखाद्या आडवळणाच्या गावी नवा कारखाना येऊ घातला म्हणजे किती स्थानिकांना रोजगार मिळणार, एवढीच पृच्छा सर्वत्र होते. परंतु त्या रोजगारातून कशी माणसे घडणार, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण पाहा. बेळगावातील आपल्या लोखंडी नांगरांच्या कारखान्याची जागा सोडावी लागून उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर विवंचनेत पडले असता, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांना देऊ केले. निवडुंग माजलेल्या आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहू लागली. ज्या मुलखात लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती, तेथेच नांगर ओतणारे आणि घडविणारे कुशल हात शोधणे म्हणजे जे अस्तित्वातच नाही त्याचा शोध घेणे होते. म्हणून ते हात कारखान्यातच तयार करावे लागले. शालेय शिक्षणात ज्याला यश आले नाही असा तरुणही तेथे यंत्रविद्येत पारंगत झाला. लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामूअण्णा वसाहतीच्या आखणीत आणि व्यवस्थेत गढून गेले. आणि पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसांकडे तर चक्क वसाहतीच्या राखणीचे काम सोपविण्यात आले. या शेवटच्या गोष्टीपुढे मी नेहमी थबकतो, कारण ज्याच्यावर सरकारदप्तरी गुन्हेगारीचा शिक्का बसला त्याच्या हाती मालमत्तेची राखण देणे, हे मजुरी देण्याहून फार मोठे देणे आहे.

मालकाच्या औदार्यावर कामगाराचे हित कायमचे सोपवावे, असे मी मुळीच म्हणत नाही. संघटनेचा आणि कायद्याचा हक्क त्याला असलाच पाहिजे. परंतु आज ज्यांची बागायत कारखान्यासाठीच्या भूसंपादनात गेली, त्यांचीच मुले मुकादमाच्या हजेरीपटावर कंत्राटी मजूर म्हणून राहावीत आणि यंत्राजवळचे प्रत्येक काम परगावाहून आलेल्या कुशल कारागिराकडे जावे, ही वाटणी मला अन्याय्य वाटते. म्हणून जमिनीचा करारनामा लिहिताना नोकऱ्यांच्या आकड्यासोबतच शिकाऊ उमेदवारांच्या जागा, त्यांच्या शिक्षणाची मुदत आणि ती पुरी झाल्यावर कायम नेमणुकीची हमी, ही कलमे गावकऱ्यांनी आग्रहाने घालून घ्यावीत, आणि त्यांवर मालकाची सही झाल्याखेरीज जमिनीचा ताबा देऊ नये.