यूएसए म्हणजे उल्हासनगर?

भाचा: मावशी, बदलापूरच्या दुकानात उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या जीन्स ठेवतोय. लेबलवर 'मेड इन यूएसए' छापू का? यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! अख्ख्या मुंबईला ठाऊक आहे ते.

मावशी: ज्याला ठाऊक नाही, त्या गिऱ्हाइकाने काय समजावं?

भाचा: अमेरिका. पण मी तर एक अक्षरही खोटं लिहीत नाही.

मावशी: धर्मराजानेही तेच केलं. द्रोणांच्या मुलाचं नाव अश्वत्थामा, त्याच नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. 'नरो वा कुंजरो वा' तो पुटपुटला, द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं आणि भुईपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. द्रोणांनी काय समजायचं ते आधीच ठरलेलं होतं. लबाडी तिथे होती.

भाचा: त्याला राज्य हवं होतं गं, असं लेबल लावणाऱ्या सिंधी निर्वासितांना पोट भरायचं होतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. जमीनजुमला, पेढी मात्र मागेच राहिली होती. आणि गिऱ्हाईक कसं? परदेशी मालावर तेव्हा निर्बंध होते, तरी 'फॉरेन' म्हटलं की जास्त पैसे मोजायला तयार. तीच वस्तू देशी म्हणून दाखवली की नाक मुरडणार. मग फसवलं कोणी?

मावशी: इथे मी अडते. गिऱ्हाइकाचा हव्यास खरा, आणि तो दोष त्याचाच. पण त्याच्या हव्यासाने लेबल खरं ठरत नाही. घरदार गमावलेल्याने तसं केलं असेल, तर मी त्याला बोल लावणार नाही. तुझी गोष्ट वेगळी, तुझं दुकान चालतंय.

भाचा: सिंधी व्यापारी स्वतःच यूएसएची ही गोष्ट सांगून हसतात.

मावशी: सांगू देत. त्यांच्या तोंडी ती जिद्दीची गोष्ट असते. आपल्या तोंडी तिचा अर्थ 'उल्हासनगरचं म्हणजे नकली' एवढाच उरतो. यूएसएचा शिक्का कोणी मारला, किती जणांनी मारला, कोणी विचारत नाही. हिणवतात मात्र सगळ्या समाजाला.

भाचा: नुसतं 'उल्हासनगर' लिहून खपेल?

मावशी: सुरुवातीला कमी खपेल, तेवढं सोस. कापड चांगलं आहे, शिलाई तिथल्या कारागिरांची आहे. पूर्ण नाव लिही, कॅम्प नंबरसकट.